रायचूरहून दिसणारी टेकडी

बायकोच्या बढतीचा हुकूम आला त्या दिवशी घरी भरल्या वांग्याची भाजी होती. लक्षात राहिली, कारण पहिला घास मोडून ती तशीच बसून राहिली आणि मी विचारलं, "मीठ कमी पडलंय का?" भाजी मी केली होती.

"रायचूर," ती म्हणाली.

"काय रायचूर?"

"बढती आली. जागा रायचूरला आहे."

तिची सगळी नोकरी हुबळीच्या एका सरकारी कचेरीत झाली होती. आमचं घर हुबळी आणि धारवाडच्या मधे, नवनगरात. सकाळी तिथून ती हुबळीच्या बसला आणि मी धारवाडच्या, अशी आमची वर्षं गेली. मी धारवाडला एका हायस्कुलात गणित शिकवतो. मुलगी बंगळूरला नोकरीला लागली होती. आता दोघांनीच राहायचं, रविवारी उशिरा उठायचं, असं आम्ही कुठं बोलायला लागलो होतो.

"नको म्हणून लिहून देता येतं," ती म्हणाली. "पण मग निवृत्त होईपर्यंत ह्याच खुर्चीत."

"जा तू," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. "अहो, इतक्या पटकन?"

पटकन म्हणालो, कारण थोडा वेळ गेला असता तर तोंडातून ‘जाऊ नकोस’ निघालं असतं. ती कामात हुशार होती, आणि तिच्या मागून लागलेले लोक पुढं गेलेले आम्ही दोघांनीही पाहिले होते. तिला सोडायला मी रायचूरला गेलो. भाड्याची एक खोली, पुढं पत्र्याचा व्हरांडा, भिंतीला हात लावला तरी ऊन लागावं असा उकाडा. मी पंखा बसवून दिला, गॅस जोडून दिला आणि परत आलो.

आठवड्याचे दिवस शाळेत निघून जात. रविवार मात्र निघता निघेना. आमच्या घरी रविवार तिचा असे. ती सकाळी न्हायची, केस वाळवत गॅलरीत बसायची आणि तिथूनच मला कामं सांगायची. मग दोघं भाजीला जायचो. ती कन्नडात घासाघीस करायची आणि मी पिशवी धरून उभा. संध्याकाळी कॉलनीतल्या रस्त्यावर एक फेरी. यात कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. ती गेल्यावर मी एकटाच भाजीला गेलो, तेव्हा भाजीवालीनं विचारलं, "मॅडम एल्लिरी?" मॅडम कुठं, म्हणून. मी रायचूर म्हटल्यावर तिनं पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर टाकली. ती पिशवी घेऊन मी बाजारातून जवळजवळ पळतच बाहेर आलो.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले. ऊन फार आहे हो इथं."

"इथं बरंय."

मग दोन्हीकडं शांतता. एका घरात इतकी वर्षं काढलेल्या माणसांना फोनवर बोलता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. घरात असताना बोलावं लागत नव्हतं. ती भांडं जरा जोरात ठेवायची, मला कळायचं. मी पेपर घडी न घालता टाकायचो, तिला कळायचं. फोनवर भांडंही नाही आणि पेपरही नाही. ती "बरं मग, ठेवू?" म्हणायची, मी "ठेव" म्हणायचो, आणि ठेवल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसायचो.

नवनगरातली घरांची शेवटची ओळ संपली की वनखात्याची जमीन लागते. ऑस्ट्रेलियन बाभळी, निलगिरी, मधून मधून सीताफळ आणि धावडा, आणि त्यामागं एक बुटकी टेकडी. पलीकडच्या उतारावर तळं आहे. इतकी वर्षं तिथं राहून आम्ही कधी तिकडं फिरकलो नव्हतो. पावसाळा संपत आला होता, तेव्हाच्या एका रविवारी घरात बसवेना म्हणून मी चालत तिकडं गेलो. टेकडीवर जाणारी एक पायवाट होती, पण दोन्ही बाजूंनी घाणेरी माजून तिचा बोगदा झाला होता. गुलाबी-पिवळ्या फुलांचं ते झुडूप आपल्याकडं कुठंही दिसतं. दिसायला बरं आणि अंगभर काटे. आतून कोयत्याचे आवाज येत होते.

सात-आठ माणसं वाट मोकळी करत होती. त्यांच्यात पुढं होत्या त्या बाई साडीवर पुरुषी शर्ट चढवून, हातात जाड मोजे घालून घाणेरीचं एक खोड मुळासकट हलवत होत्या. मी कडेला उभा राहून बघत होतो.

"सर, नोडकोंत निंत्र केलस आगंगिल्ल्री," त्या म्हणाल्या. नुसतं बघत उभं राहिलात तर काम व्हायचं नाही. आणि त्यांनी हातातला दाताळ्यासारखा पंजा माझ्याकडं दिला.

त्या निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणायला लागलो. बाकीच्यांत एक वकील, एक दुकानदार, कॉलेजातली काही पोरं, आणि वनखात्याचा त्या भागाचा गार्ड. जमीन सरकारची, गार्ड एकटा, आणि वाट सगळ्यांची. सकाळी फिरणारे लोक, पलीकडच्या वस्तीतून तळ्यावर म्हशी आणणाऱ्या बायका, सगळे तिच्यावरून जात. म्हणून खात्याला विचारून ही माणसं रविवारी सकाळी यायची आणि वाट राखायची. एवढंच त्यांचं मंडळ. त्याला नावही नव्हतं.

त्या दिवशी मी कापलेली घाणेरी ओढत राहिलो. घरी आलो तेव्हा उजव्या तळहाताला फोड आले होते आणि शर्टाची बाही फाटली होती. संध्याकाळी फोन केला.

"जेवलात?"

"डाव्या हातानं जेवलो. उजव्याला फोड आलेत."

"फोड? कशानं?"

मी सांगितलं. ती हसायलाच लागली. "तुम्ही? नारळ फोडायला शेजाऱ्यांना हाक मारणारे तुम्ही? जंगल कापायला गेलात?"

तिचं ते हसणं मी किती दिवसांनी ऐकत होतो. ती विचारत गेली, मी सांगत गेलो. शर्ट कुठला फाटला, अक्का कशा दिसतात, वाट कुठं जाते. शेवटी ‘बरं मग, ठेवू?’ म्हणायचं तीच विसरली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. टेकडीचं प्रेम वगैरे तेव्हा काही नव्हतं. संध्याकाळी तिला सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून गेलो.

हळूहळू मला ते काम यायला लागलं. घाणेरी वरून कापली की महिन्याभरात दुप्पट होते, ती पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट काढायची. वाटेला बाहेरच्या अंगाला किंचित उतार ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता दरीकडं जातं. चढावर ठिकठिकाणी आडवे चर काढायचे, त्यांच्या खालच्या कडेला दगड रोवायचे. आमच्याकडची माती तांबडी, पाणी मोकळं सुटलं तर एका पावसाळ्यात वाटेचा ओढा करते. हे सगळं अक्का आणि गार्ड सांगायचे, आम्ही चुकत माकत करायचो. काम संपलं की अक्का डब्यातून चुरमुऱ्याचं गिरमिट काढायच्या आणि आम्ही माखलेल्या हातांनी ते खायचो.

आणि दर रविवारी संध्याकाळी मी टेकडी रायचूरला सांगायचो.

तिला ती पाठ होत गेली. "त्या वळणावरचा चिखल वाळला का हो?" ती विचारायची. "धावड्याखालचा दगड हलत होता, तो बसवलात?" एकदा मी म्हणालो की तळ्यात बदकं उतरलीत, तर तिनं विचारलं, "म्हणजे डाव्या हाताला, वाट खाली उतरते तिथं?" खरं तर तळं उजव्या हाताला आहे. पण ती इतक्या खात्रीनं बोलली की मी हो म्हणून टाकलं.

ती महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची. आली की रात्रभराच्या बसनं अंग आंबलेलं असायचं. धुणं, इस्त्री, कुणाकडचं बारसं, कुणाला भेटायचं राहिलेलं. ती घरी असलेल्या रविवारी मी टेकडीवर जात नसे. तिनं यावं असं मला फार वाटे, पण तिचा दमलेला चेहरा बघून मी विषय काढत नसे. ती दुपारी झोपली की मी खुर्ची ओढून त्याच खोलीत पेपर तपासत बसायचो. संध्याकाळी तिला बसस्टँडवर सोडून यायचो आणि येताना बसमध्ये आठवायचं की तिला अमुक सांगायचं राहिलं. मग ते पुढच्या रविवारच्या फोनसाठी ठेवून द्यायचो.

वरच्या टप्प्याला चढ फार उभा होता, तिथं आम्ही दगडी पायऱ्या बसवायला घेतल्या. पहिल्या काही बसवून झाल्या, तेव्हा मी उभा राहून बघत होतो. पायरी उंच वाटत होती. मला नाही, तिला उंच पडली असती. ती बुटकी आहे आणि उजवा गुडघा दुखतो. मी म्हणालो, "अक्का, ह्या परत काढू या. थोड्या बसक्या करू."

"कशाला? बऱ्या आहेत की."

"उंच आहेत हो."

"यार कालिन अळती री इदु?" अक्कांनी विचारलं. कुणाच्या पायाचं माप आहे हे?

"वयस्क माणसं येतात की सकाळी," मी म्हणालो.

अक्कांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, ते मला वकिलांकडून कळलं होतं. पहार उचलून त्यांनीच पहिला दगड उपटला. सगळ्या पायऱ्या आम्ही पुन्हा बसवल्या. दुकानदार दिवसभर माझ्या नावानं बोटं मोडत होता. त्या संध्याकाळी फोनवर मी पायऱ्या बसवल्याचं सांगितलं, दोनदा बसवल्याचं नाही.

उन्हाळा तोंडावर आला की आमचं काम बदलायचं. टेकडीवरचं कुसळीचं गवत वाळून सोनेरी होतं, आणि कुणी विडीचं थोटूक टाकलं तरी पेटतं. म्हणून त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात. म्हणजे गवत खरडून एक रुंद, मोकळा पट्टा करून ठेवायचा, आग तिथवर येऊन थांबावी म्हणून. त्या वर्षी आम्ही माथ्याच्या बाजूनं पट्टा काढला होता. खालच्या अंगाला, तळ्याकडं, अर्धाच झाला होता.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी आलो, तोच अक्कांचा फोन. "सर, बेट्टक्क बेंकी बिद्दद. बर्री." टेकडीला आग लागली आहे, या.

मी तसाच निघालो. स्कूटर वाटेच्या तोंडाशी लावली. डिकीत पाण्याची बाटली होती ती काढली आणि फोन खिशातून पडेल म्हणून डिकीत टाकला.

आग आधी ऐकू आली, मग दिसली. कुणीतरी कोरडे कागद चुरगाळत असल्यासारखा आवाज. गार्ड आणि त्याचे दोघे-तिघे सोबती पुढं होते, आम्ही ओल्या फांद्या तोडून त्यांच्या मागं. फांदी आगीवर मारायची नसते, तिनं आग दाबायची असते, नाहीतर ठिणग्या उडतात. हे मला रागावून सांगावं लागलं, आणि सांगितलं अक्कांनी, पदर नाकाला बांधून. वरच्या अंगाला आग आमच्या पट्ट्यापाशी आली, जरा वेळ जिभा काढत राहिली आणि बसली. ते बघून कॉलेजातली पोरं ओरडलीच. पण खाली, जिथं पट्टा अर्धा होता, तिथून ती निसटली. तळ्याकडचा सगळा उतार पेटला. सीताफळाची झाडं, आम्ही मागच्या पावसात लावलेली कडुलिंबाची रोपं, सगळं. पाण्यापर्यंत जाऊनच ती थांबली. ऊन उतरलं तेव्हा धूर राहिला होता आणि आम्ही राखेत बसलो होतो.

घरी येऊन मी आंघोळ केली, भाताचे चार घास खाल्ले आणि आडवा झालो तो सरळ सकाळीच उठलो. फोन डिकीतच राहिला होता.

सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर ती. कचेरीतलीच साडी, चुरगळलेली, हातात एक छोटी पिशवी. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे.

"फोन कुठंय तुमचा?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"फोन... अगं, तू कशी काय?"

"फोन कुठंय, विचारलं मी."

मग सगळं बाहेर आलं. शेजारच्या वहिनींनी गच्चीवरून धुराचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सर पण तिकडंच गेलेत.’ आणि मग त्या घरच्या सगळ्यांसोबत लग्नाला गदगला निघून गेल्या. तिनं मला फोन केला, लागेना. वहिनींना केला, तिथं बँडच्या आवाजात त्यांना ऐकू येईना. मुलीला केला, ती बंगळूरला बसून काय करणार. अक्कांचा नंबर तिच्याकडं नव्हता. शेवटी ती मिळेल त्या बसनं निघाली.

"तुम्हाला काही झालं असतं तर मला कुणी सांगितलं असतं का हो? मी कुणाची कोण तिथं? मला नुसत्या गोष्टी सांगता फोनवर. बदकं आली नि फुलं आली."

ती रडत होती आणि मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. इतका की तो चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी खाली बघत होतो. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. डावी भुवई जळून गेली होती, ते तिनंच मला पहिल्यांदा दाखवलं.

"शोभताय," ती म्हणाली. मग नाक पुसून आत गेली आणि चहा टाकला.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, "आज रविवार ना?"

"हो."

"चला मग. दाखवा."

मी म्हणालो, सगळं जळलंय, नंतर कधीतरी ये, पावसाळ्यात ये. पण ती चप्पल बदलून दारात उभी होती.

वाटेच्या सुरुवातीला घाणेरीतून तिनं माझा दंड धरला होता, पुढं सोडला. धावडा आला तेव्हा मी सांगायच्या आत ती म्हणाली, "हा तो." वळणावर थांबून तिनं जमीन बघितली. "इथं चिखल होतो." पायऱ्या ती बोलत बोलतच चढून गेली. कचेरीतल्या नवीन साहेबाविषयी काहीतरी सांगत होती. अर्ध्यात थांबली नाही, गुडघ्याला हात लावला नाही. पायऱ्यांचा विषयही निघाला नाही. मी मागून येत होतो.

माथ्यावर अक्का आणि गार्ड आधीच आले होते. मी ओळख करून दिली. अक्कांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघी कन्नडात बोलायला लागल्या आणि थोड्याच वेळात माझ्या भुवईवर हसायला लागल्या. मग अक्का खाली राख बघायला गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो.

एका अंगाला पिवळं गवत, दुसऱ्या अंगाला काळा उतार आणि त्याच्या तळाशी तळं. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"तळं ह्या बाजूला आहे होय," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही तर डावीकडं म्हणाला होतात."

"तू म्हणाली होतीस. मी हो म्हणालो."

ती खाली बसली. मीही बसलो. "मला वाटलं होतं, केवढी तरी मोठी असेल," ती म्हणाली. "वर यायला दम लागेल. वरून काहीतरी लांब लांब दिसेल. ही तर एवढीशीच की हो."

मला ते जरा लागलं. "एवढीशीच आहे," मी म्हणालो.

"तसं नव्हे." ती गवताची काडी मोडत होती. "रायचूरला संध्याकाळी फिरायला मला जागा नाही. खोलीत बसवत नाही, बाहेर ऊन सरत नाही. मग मी डोळे मिटून इथं फिरते. तुम्ही रविवारी जेवढं सांगता तेवढं मला आठवडाभर पुरतं. वळण, झाड, तळं. डावीकडचं तळं. माझी ती टेकडी मोठी आहे फार. सावली आहे तिच्यावर." थोडं थांबून म्हणाली, "आता डोळे मिटले की हीच दिसणार."

मी इतके दिवस तिला इथं आणायला झुरत होतो, आणि आणल्यावर तिच्याजवळचं एक काहीतरी संपलं. मी तिच्या हातातली काडी घेतली. ती म्हणाली, "असू दे हो. आग लागली नसती तरी कधीतरी आलेच असते."

त्या संध्याकाळी ती परत गेली, सोमवारी कचेरी होती. बस निघताना खिडकीतून म्हणाली, "फोन खिशात ठेवा. आणि पावसाळ्यात काय काय उगवतं ते सांगा मला. नीट सांगा, उजवं-डावं बघून."

मी सांगत राहिलो. पहिल्या सरींनंतर काळ्या उतारावर गवत आलं. आधी कुणी रंगाचा हात फिरवावा तसं, मग गुडघाभर. जळलेल्या सीताफळांना बुंध्यातून फुटवे आले. कडुलिंब गेले ते गेलेच, आम्ही नवे लावले. ती ऐकायची, विचारायची. पण मला वाटायचं, तिच्या विचारण्यातलं काहीतरी कमी झालंय. आता ती चुका करत नसे. तळं बरोबर उजवीकडं असे.

पुढं आणखी दोन उन्हाळे तिनं तिथं काढले आणि मग बदलीत हुबळी मिळाली. ती आली तेव्हा सामान घेऊन आलेल्या टेम्पोतून तोच पंखा उतरवताना मी अक्षरशः गाणं म्हणत होतो. सकाळी ती हुबळीच्या बसला, मी धारवाडच्या, संध्याकाळी दोघं घरी. इतक्या रविवारी जे मागितलं होतं ते सगळं मिळालं.

आणि तरी काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की टेकडीवरून आल्यावर मी तिला काही सांगत नाही. ती विचारते, "झालं का काम?" मी म्हणतो, "झालं." ती चहा देते. तिनं भांडं जरा जोरात ठेवलं की मला कळतं. एका संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना मी म्हणालो, "तुला एक सांगू? मला कधी कधी तुझ्या फोनची आठवण येते."

मला वाटलं होतं ती चिडेल. ती समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "मलाही येते. त्या खोलीत उकडायचं किती! तरी रविवारी पाच वाजल्यापासून मी व्हरांड्यात येऊन बसायचे."

"मला वाटायचं तू कामात असशील, म्हणून मी सात वाजता करायचो."

"सातला करायचात," ती म्हणाली. "ठाऊक होतं मला."

मग ती हसली. "काय करू या मग? परत जाऊ रायचूरला?"

"नको," मी म्हणालो, आणि तेही पटकनच म्हणालो.

ती अधून मधून टेकडीवर येते. तिचा गुडघा आता जास्त दुखतो, त्यामुळं धावड्याच्या पुढं येत नाही. तिथंच अक्कांसोबत बसते. अक्काही हल्ली कोयता धरत नाहीत, बसून सूचना करतात. मी वर काम करत असलो की खालून दोघींचं कन्नड बोलणं ऐकू येत असतं, शब्द कळत नाहीत. ती आली नाही त्या दिवशी माझं लक्ष सारखं घराकडं असतं. आणि घरी बसलेल्या रविवारी, विशेषतः पाऊस पडून माती मऊ झालेली असली, की टेकडीकडं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. निवडणुकीच्या कामासाठी तिला रविवारीच कचेरीत बोलावलं होतं. मी टेकडीवरून आलो तर दाराला कुलूप. माझी किल्ली सकाळी घरातच राहिली होती. शेजारच्या वहिनींकडं आमची एक किल्ली कायम असते, आणि त्या समोरच कपडे वाळत घालत होत्या.

"सर, किल्ली देऊ का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे वहिनी. येईलच ती आता," मी म्हणालो.

बूट चिखलानं भरलेले होते, ते मी काढून बाजूला ठेवले आणि पायरीवर बसलो. बसचा आवाज आला की मी मान वळवून बघत होतो. एक बस गेली, ती उतरली नाही. दुसरी गेली. मला भूक लागली होती, पण उठावंसं वाटत नव्हतं. फोन खिशात होता. ‘कुठवर आलीस’ म्हणून विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही. तिसऱ्या बसमधून ती उतरली, खांद्याला पर्स, उजवा पाय जरा जपून टाकत. कोपऱ्यावरून वळताना तिनं मला पाहिलं आणि लांबूनच हातानं विचारलं, बाहेर का बसलात?